दरीतला आस

रामलिंगच्या डोंगरात, एका अरुंद दरीत, एक मोडकी जीप अकरा वर्षं पडून होती. तिचा पुढचा आस काढून येडशीला आणायचा, एवढ्या एका कामासाठी आम्ही तिघं त्या रविवारी निघालो.

आस म्हणजे बैलगाडीला असतो तोच, दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा. पण जीपच्या पुढच्या आसाच्या पोटात दातेरी चाकं असतात. ती असली तर इंजिनाची ताकद पुढच्या चाकांनाही मिळते आणि गाडी चारी पायांनी चढते. नसली तर पुढची चाकं नुसती फरफटत जातात. माझ्या जीपला ती नव्हती. आधीच्या मालकानं खरा आस काढून तिथं साधी लोखंडी नळी बसवली होती.

मी महारुद्र. सडक खात्यात रोलर चालवतो. आमचं घराणं मेंढरांचं, पण बापानं मला निजामाच्या काळातच रस्त्याच्या कामावर लावलं आणि मी यंत्रांचा झालो. जीप लढाईच्या वेळची, त्रेचाळीस सालची. चौपन्न साली सोलापूरच्या एका लिलावात घेतली. घरी आणली तेव्हा तिला ब्रेक नव्हते, टप नव्हता, आणि बसायला पत्र्यावर पोतं टाकलेलं होतं. पाच-सहा वर्षांत मी एकेक करून सगळं बदललं. रेडिएटरला डाग दिला, ताडपत्रीचा टप शिवून घेतला, भंगारातल्या एका मोटारीच्या गाद्या बसवल्या. सहा व्होल्टची बॅटरी जाऊन बाराची आली. उजव्या अंगाला चढायला एक लोखंडी पायरी जोडली, कारण माझ्या बायकोला नऊवारीत टांग टाकून चढता येत नसे.

तिचं नाव नागूबाई. मी नागू म्हणायचो.

त्या जीपचं स्टीअरिंग डाव्या बाजूला आहे. म्हणून नागू उजवीकडे बसायची, जिथं एस.टी.चा ड्रायव्हर बसतो. बाजारातून गाडी गेली की लोक थांबून बघायचे, बाई गाडी चालवतेय म्हणून. नागू मान ताठ करून समोर बघायची. एकदा एका म्हाताऱ्यानं घाबरून टोपी काढली आणि तिला वाट दिली, तेव्हा गाव संपेपर्यंत तिनं हसू दाबून धरलं होतं.

नागूचं माहेर डोंगरावरच्या माळावर. दहा-बारा घरांची मेंढपाळांची वाडी, येडशीहून पायी चार तासांची वाट. लग्न झाल्यावर ती वर्षातून दोनदा चालत जायची. गाडी आल्यावर मी म्हणालो, आता पायी कशाला? पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर आम्ही दोघं गाडीतून निघालो. तीन तासांची वाट गाडीनं तासाभरात काटली. शेवटी खिंडीचा चढ लागला. सुट्या मुरमाचा, उभा चढ. मागची चाकं जागच्या जागी फिरली, गाडी मागं घसरली. नागूनं उतरून चाकांखाली दगड लावले. सहा वेळा प्रयत्न केला. सहाही वेळा गाडी खाली आली.

"चला की चालत," नागू म्हणाली. "हितनं तासाभराची तर वाट ऱ्हायली."

मी म्हणालो, गाडी वाटेत टाकून पायी जायचं हे बरं दिसत नाही. पुढचा आस बसवू, मग एकदाच थाटात जाऊ. तिनं चाकांखालचे दगड काढले आणि गाडीत येऊन बसली.

तो आस मला मिळाला नाही. सोलापूरचा भंगार बाजार पालथा घातला, हैदराबादला दोनदा जाऊन आलो. दर दिवाळीला नागू विचारायची, मी सांगायचो, मिळेल. मग तिनं विचारायचं सोडलं. अठ्ठावन्न सालच्या आषाढात तिला ताप आला आणि नवव्या दिवशी ती गेली.

त्यानंतरही मी गाडीवर काम करत राहिलो. दुसरं काय करणार! आस बसवायचा, तो चढ चढायचा, आणि वाडीत गाडी उभी करायची, हे डोक्यातून जात नव्हतं. उजवीकडची जागा रिकामी असणार, हे मला कळत होतं. तरी जायचं होतं. मी तिला तसं बोललो होतो.

आणि महाराष्ट्र झाला त्या साली, कार्तिकात, वसंतराव मास्तर बातमी घेऊन आले. जंगलाच्या रखवालदारानं त्यांना सांगितलं होतं, की खिंडीखालच्या दरीत एका लाकडाच्या ठेकेदाराची जीप पडलेली आहे. ड्रायव्हर उडी मारून वाचला, गाडी तशीच राहिली. काढायची कोणाची छाती झाली नाही.

वसंतराव तुळजापूरचे, पुजाऱ्यांच्या घरातले. पूजेची पाळी भावाकडे देऊन ते येडशीच्या शाळेत आले होते. माझ्या गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक त्यांनीच मला वर्षभर वाचून दाखवलं होतं. अंगानं किडकिडीत, डोळ्यांना जाड चष्मा. तिसरा गुंडाप्पा, मुरुम गावचा, माझ्याच टोळीतला लोहार. दोन माणसांचं वजन एकटा उचलायचा आणि दिवसभर बडबडायचा. मला अण्णा म्हणायचा.

रविवार मीच ठरवला, सुट्टीचा म्हणून. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि बरं म्हणाले. मास्तरांनी फक्त एक हट्ट धरला, उजाडायच्या आत निघायचं. मला वाटलं, ऊन टाळायला म्हणत असतील.

निघालो तेव्हा थंडी चांगलीच होती. मागं मोटेचा जाडजूड नाडा, पान्हे, छिन्नी, घण, जळक्या ऑइलचा डबा आणि दोन घोंगड्या. उजवीकडे मास्तर बसले. गुंडाप्पा मागं नाड्याच्या वेटोळ्यावर बसून म्हणत होता, की मास्तर पडले तर आवाज द्या, वजन कमी झालेलं अण्णांना कळायचं नाही.

खिंडीच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा उन्हं आली होती. समोर तोच चढ. मी त्याच्याकडे फार वेळ पाहिलं नाही. तिथून उजव्या हाताला एक उतार ओढ्यात जातो आणि ओढा पुढं दरीत शिरतो. उतार वाळूचा होता. गुंडाप्पानं उतरून पायानं चाचपला आणि विचारलं, जाऊ आपण, पण वर कसं येणार? मी म्हणालो, वाडीतली माणसं बोलावू, दहा जण ओढतील. तो डोकं खाजवत गाडीत चढला.

गाडी वाळूवरून घसरतच खाली गेली. पुढं ओढ्यात शिळा! एकेक म्हशीएवढी. दोन शिळांच्या मधून गाडी नेताना दोन्ही बाजूंना चार-चार बोटं उरत होती. एका ठिकाणी बाभळीचं खोड आडवं होतं, ते कोयत्यानं तोडायला तास गेला. मग पाण्याचा डोह लागला. गुंडाप्पा गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा राहून तळ दाखवत पुढं चालला, मी त्याच्या मागोमाग. मधेच इंजिन खोकलं. बंद पडलं! मास्तरांनी उपरण्यानं तारा पुसल्या, मी हॅण्डल मारलं. एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्यांदा चालू झालं.

डोहापलीकडे मेंढरं पाणी पीत होती आणि एका शिळेवर काठी घेऊन माझी सासू बसली होती. बानूबाई. नागू गेल्यापासून मी तिला भेटलो नव्हतो. दहाव्याला ती येऊन गेली, तेवढंच.

मी खाली उतरून पाया पडलो. कशी आहात आत्या, विचारलं. तिनं गाडीकडे पाहिलं, मग त्या दोघांकडे.

"आज येळवस हाय, जावाईबापू," ती म्हणाली. "अख्खी वाडी खालच्या रानात गेलीया. म्या मेंढरांपाशी ऱ्हायले. तुमी हितं काय करताव?"

मार्गशीर्षाच्या अमावास्येला आमच्या भागात गावंच्या गावं रानात जातात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं करतात, तिथं पूजा होते, आणि मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील. कोणी वाटसरू दिसला तरी त्याला हाताला धरून जेवायला नेतात. त्या दिवशी घरात राहतो तो आजारी, नाहीतर ज्याचं कोणी नाही तो. आणि मला ती येळवस आहे हेच माहीत नव्हतं. तिथी नागू ठेवायची. ती गेल्यावर मला फक्त पगाराची तारीख आणि रविवार कळत होता.

मी मागं वळून पाहिलं. मास्तर चष्मा पुसत होते. गुंडाप्पाची बायको चन्नम्मा आणि पोरं मुरुमला रानात त्याची वाट बघत असणार.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"गेल्या साली तुमी दाराला कडी घालून दिवसभर गाडीखाली पडला होता," गुंडाप्पा म्हणाला. "मास्तर बोलले, या साली तसं नको. रविवार तुमीच काढला, आमी काय बोलणार. म्हणून तर उजाडायच्या आत निघालो, रानात जाणारी माणसं तुमाला दिसू नयेत."

मी विषय बदलून आत्याला पडलेल्या जीपचं विचारलं.

"ती व्हय? आकरा साल झाली," बानूबाई म्हणाली. "खिंड चढून आलं की वाटंवरनंच दिसती. लेकीला घिऊन चालत आला असता, तर तवाच दिसली असती."

ती उठून मेंढरांच्या मागं लागली. जाताना काठीनं वर दाखवून एवढंच म्हणाली, की कड्याला आग्या मोहोळ हाय, आवाज करू नगा, धूरबी नगा.

पुढं अर्धं मैल ओढ्यानंच गाडी नेली.

दरीच्या टोकाला गाडी थांबवली. जीप वर होती, चाळीस हात उंचीवर. एका पुढं आलेल्या खडकाच्या फळीवर ती नाक बाहेर काढून तिरकी अडकली होती. फळीवर एक जुनाट उंबर. त्यावर उभा कडा, आणि कड्याच्या पोटाला तीन काळी पोळी लोंबत होती, एकेक सुपापेक्षा मोठं. मेंढरांच्या पायवाटेनं आम्ही नाडा, अवजारं आणि घोंगड्या खांद्यावर घेऊन चढलो. वाट हातभर रुंद. उजवीकडे काही नाही!

जीपचा पत्रा गंजून पापड झाला होता. पण मी खाली वाकून पुढचा आस पाहिला, त्याच्यावर साचलेलं ग्रीस बोटानं खरवडलं, आणि आत लोखंड काळं, गुळगुळीत निघालं. शाबूत! पाच वर्षं मी ज्याच्यासाठी वणवण फिरलो, तो आस माझ्या हाताखाली होता. मी कितीतरी वेळ हात काढला नाही. मास्तरांनी खाकरून वेळेची आठवण करून दिली.

बेत असा होता. आसाला नाडा बांधायचा, नाड्याचे उंबराच्या बुंध्याला तीन वेढे द्यायचे, आणि आस सुटला की मास्तरांनी वेढ्यांवरून नाडा हळूहळू सोडत तो खाली ओढ्यात उतरवायचा. गुंडाप्पा कडेला बसून नाडा दगडावर घासू देणार नाही. आणि कोणीही घण वाजवायचा नाही. बोल्ट सगळे ऑइल पाजून पान्ह्यानंच काढायचे.

आस कमानपाट्यांना आठ नटांनी आवळलेला होता. पहिला नट सुटायला अर्धा तास लागला. दुसरा बरा निघाला. आम्ही कुजबुजत बोलत होतो. गुंडाप्पाला कधी नव्हे ते गप्प बसावं लागलं, म्हणून तो मास्तरांना नुसत्या हातवाऱ्यांनी चिडवत होता. दुपार कलली तोवर सात नट निघाले. आठवा हलेना. ऑइल घातलं, थांबलो, पान्ह्याला नळी लावून दोघं लोंबकळलो. पान्हा घसरला, माझ्या हाताची सालं निघाली. नटाचे कोपरेच झिजून गोल झाले. आता पान्हा त्याला धरणारच नव्हता.

गुंडाप्पा माझ्या कानाशी म्हणाला, की आज राहू द्या अण्णा, करवतीचं पातं आणू आणि पुढच्या रविवारी कापू. मास्तरांनी मान हलवली. बरोबर बोलत होते दोघं. आठ दिवसांनी काही बिघडत नव्हतं.

पण बानूबाईचं बोलणं माझ्या डोक्यात फिरत होतं. पुढच्या वेळी, पुढच्या वेळी म्हणत पाच वर्षं गेली होती. त्या नटापाशी मला आणखी एक दिवसही थांबवेना. मी छिन्नी लावली आणि घण उचलला. गुंडाप्पानं हात पुढं केला, तोवर मी मारला.

दरी दणाणली. मी पुन्हा मारला. तिसऱ्या घावाला बोल्ट तुटला!

आस कमानीतून निसटला, कडेवरून खाली गेला, आणि नाडा ताणला. एक क्षण सगळं बेताप्रमाणं झालं. मग वरून आवाज आला, दूरवर रोलर चालावा तसा. मास्तर ओरडले. माशा आल्या!

काळा ढगच खाली आला. माझ्या मानेवर, कानांत, शर्टाच्या आत. डोळे उघडणं कठीण झालं. मास्तरांच्या तोंडावर त्या इतक्या बसल्या की चष्मा उडाला आणि त्यांच्या हातून नाडा सुटला. वेढे सरसर फिरले. आस खाली धावला. नाड्याचा एक फास उडून गुंडाप्पाच्या पायात पडला, आवळला, आणि त्याला कडेकडे ओढत नेलं!

तो पालथा पडला. त्यानं मोडक्या जीपचा दांडा दोन्ही हातांनी धरला. कमरेपासून खाली तो फळीच्या बाहेर होता आणि त्याच्या घोट्याला तीन मणांचा आस लटकत होता. जीपही हलली. खालचे दगड सुटून दरीत गेले.

मी पोटावर पडून नाडा धरला. ओढला. बोटभरही वर आला नाही.

"अण्णा, धरतो मी," गुंडाप्पा म्हणाला. त्याच्या ओठांवर माशा होत्या. "मास्तरांना बोलवा. आस जाईल तुमचा."

कोयता माझ्या कमरेला होता. खाली आस हळूहळू गोल फिरत होता, त्याच्यावर ऊन पडलं होतं. नाडा कापायला मी किती वेळ घेतला, ते मला आजही सांगता येत नाही. मास्तर म्हणतात, तुम्ही लगेच कापलात. पण मास्तरांचे डोळे तेव्हा मिटलेले होते.

मी कापला.

आस पडल्याचा आवाज दोनदा आला. एकदा शिळेवर, आणि नंतर दोन तुकडे वेगवेगळे झाल्यावर.

मी गुंडाप्पाला काखेत धरून आत ओढलं. तोवर मास्तर आंधळ्यासारखे चाचपडत घोंगड्या घेऊन आले, आणि आम्ही तिघं त्या घोंगड्यांखाली एकमेकांवर पडून राहिलो. वरून माशांचा मारा चालूच होता. गुदमरायला झालं. मग नाकात धुराचा वास आला. बानूबाई खालून ओला पाला पेटवत पायवाट चढत होती. आवाज ऐकूनच निघाली होती. हळूहळू घोंघावणं वर वर गेलं.

मास्तरांचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते. गुंडाप्पाचा पाय घोट्याच्या वर वाकडा झाला होता, पायताण रक्तानं भरलं होतं. त्याला पाठुंगळी घेऊन मी पायवाट उतरलो. म्हातारी पुढं, मास्तर माझा शर्ट धरून मागं. आसाच्या तुकड्यांजवळून गेलो. आसाच्या पोटाचा बिडाचा गोळा भोपळ्यासारखा फुटून आतले दाते बाहेर आले होते. मी थांबलो नाही.

आता बाहेर पडायचं होतं. ओढ्याचा डोह ओलांडला, शिळा पार केल्या, आणि शेवटी वाळूचा तो उतार चढ होऊन समोर आला. ओढायला माणूस नव्हता. सगळं जग येळवसीला गेलं होतं.

मी मागच्या चाकांतली हवा निम्मी सोडली. म्हातारीनं आणि मी गाडीत दगड भरले, वजन मागच्या चाकांवर यावं म्हणून. मास्तरही मागं बसले. ते म्हणाले, की आज पहिल्यांदा माझ्या वजनाची कोणाला तरी गरज लागतेय. गुंडाप्पा दुखण्यानं पांढरा पडला होता, तरी हसला.

पहिला प्रयत्न. निम्म्यावर चाकं वाळूत बसली. मागं आलो. दुसरा. तिथंच! इंजिनातून वाफ येऊ लागली. तेव्हा बानूबाईनं आमच्या दोन्ही घोंगड्या वाळूवर अंथरल्या, आणि मग खांद्यावरची स्वतःची घोंगडी काढून तीही पुढं अंथरली. त्या जाड लोकरीवर चाकांनी पकड घेतली. गाडी वर सरकली. घोंगडी संपायच्या आत मागची उचलून म्हातारी पुढं धावायची आणि टाकायची. मी गाडीचा वेग तिच्या पावलांएवढा ठेवला. चार हात. पुन्हा चार हात. इंजिन रडत होतं. पुढची चाकं काठावर चढली, मग मागची. वर आलो!

खिंडीच्या पायथ्याला सपाटीवर मी गाडी थांबवली. दिवस मावळायला अजून वेळ होता. इथून आमची वाट खाली येडशीला आणि म्हातारीची वर. मी तिला म्हणालो, की आत्या, आस मिळाला असता तर आज ना उद्या नागूला दिलेला शब्द पुरा केला असता. तिला घेऊन वाडीत गाडीनं यायचं होतं.

घोंगड्या झटकता झटकता ती थांबली.

"तिला माहेराची आस हुती, जावाईबापू," ती म्हणाली. "गाडीचा आस तुमाला हवा हुता."

रागावून बोलली नाही. मेंढरू लंगडतं हे सांगावं तसं तिनं ते सांगितलं, फाटकी घोंगडी खांद्यावर टाकली आणि चढाला लागली. मी ती दिसेनाशी होईतो तिथं थांबलो असतो. पण गुंडाप्पा कण्हत होता. मी गिअर टाकला.

बार्शीच्या दवाखान्यात त्याच्या पायाला प्लास्टर घातलं. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, पण पाय राहिला. तिसऱ्या दिवशी चन्नम्मा एस.टी.नं आली. तिनं नवऱ्याला काही विचारायच्या आधी माझ्यापुढं आंबिलीचं मडकं ठेवलं आणि म्हणाली, आधी प्या, मग दोघांना बोलते. बोलली. चांगलं तासभर बोलली. खाटेवरून गुंडाप्पा मला खुणावत होता, गप्प बसा, संपेल.

मी आसाचा शोध सोडला. गाडी आहे, रस्त्यावर छान चालते. दीड महिन्यानं गुंडाप्पाचं प्लास्टर निघालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाडी घरी ठेवून डोंगराकडे निघालो. पायी.

चार तास लागत नाहीत, साडेचार लागले. नागू चालायची तेव्हा वाटेत कुठं बसत असेल, याचा मी अंदाज घेत होतो. खिंडीचा चढ पायाला काहीच वाटला नाही. लहान पोरंही चढतील असा आहे. वर आलो तर उजवीकडे दरीत ती जीप वाटेवरूनच दिसली. तिथून वाडी खरंच तासाभराची.

माळाच्या कडेला वाट चांगली रुंद होत गेली. दोन्ही अंगांना दगड वेचून ओळीनं रचलेले. मेंढरांच्या वाटेला एवढी रुंदी कशाला, मला कळेना. ती वाट बानूबाईच्या घरापुढं येऊन थांबली. घराच्या डाव्या अंगाला एक जागा होती, चांगली सपाट केलेली, मुरूम टाकून चोपलेली. खोलीएवढी. बाकी सगळीकडे मेंढरांचे वाडे, लेंड्या, काटेरी कुंपणं दाटीनं होती. ती जागा तेवढी झाडून मोकळी ठेवलेली.

म्हातारीनं मला पाणी दिलं, भाकरी दिली. जेवून झाल्यावर मी विचारलं, ही जागा कसली?

"गाडीची," ती म्हणाली. "नागूनं निरोप धाडला हुता, गाडी घिऊन येतेय. तवा वाडीनं केली. धा दिस सगळे दगड वेचत हुते."

पंचावन्नची दिवाळी. त्याला पाच वर्षं होऊन गेली होती. पाच पावसाळे त्यांनी तिथला मुरूम वाहू दिला नव्हता.

मी उठून त्या जागेच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. तिथून खालचा सगळा मुलूख दिसतो, येडशीचं स्टेशन, रूळ, आणि फार लांब एक धुराची रेघ. नागूनं इथं उतरून कोणाकडे आधी पाहिलं असतं, काय बोलली असती, ते मी मनात आणायचा प्रयत्न केला. मला तिचा आवाज आठवला, पण शब्द आले नाहीत.

बानूबाई मागं येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "यंदा कोकरं लई झाली. जागा पुरंना. तुमी म्हनत असाल तर हितं वाडा घालावा म्हनते. न्हायतर असू दे तशीच."

"घाला," मी म्हणालो.

ती हलली नाही. मग मीच तिच्या दारातल्या मेखा आणि दगड उचलून आणला, कोपरा धरला, आणि पहिली मेख ठोकायला बसलो. मुरूम चांगला चोपलेला होता. मेख आत जायला वेळ लागला.